दारातून परत गेलेली जीप

॥ श्री ॥

कोल्हापूर,
१४ जुलै २०२४

ती. सौ. आक्कास,
अण्णासोचा शि. सा. न. वि. वि.

परवा तू फोन केलास आणि आपलं एक अख्खं संभाषण माझ्या उजव्या कानाशेजारून निघून गेलं. तू ओरडत होतीस, मी हां हां म्हणत होतो. नंतर सुष्मितानं सांगितलं की मी ज्या तीन प्रश्नांना हां म्हटलं, त्यातला एक 'माझ्यावर रागावलायस काय' असा होता. तेव्हा आपली टपालखात्यावरची निष्ठा अढळ असलेलीच बरी. डावा कान शाबूत आहे, पण तो मी आठवीच्या वर्गासाठी राखून ठेवला आहे. मुलांची शब्दरूपं ऐकायला एक कान पुरतो, कधी कधी तोही जास्त होतो.

इकडे सर्व क्षेम आहे, एक सोडून. घरी आळस नावाचा पाहुणा मुक्कामाला आला आहे आणि त्याची सरबराई तुझ्या भाचीकडे आहे. हिची आई गेल्यापासून सहा वर्षं हे घर सुष्मिताच्या हातांवर चाललंय, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. पण पाडव्यापासून त्या हातांनी असहकार पुकारला आहे. कन्या उठते पहाटे आणि हालते सातला. नळ कोपरानं उघडते, शस्त्रक्रियेला निघालेल्या सर्जनसारखी. लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याकडून काढून घेते, त्यामुळे त्रेपन्नाव्या वर्षी मला घरात पुन्हा प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. आईची अंगठी बोटात जाईना म्हणून डबीत ठेवून दिली. मी म्हटलं, भात कमी कर. सकाळी पाऊल असं टाकते, जणू खोलीभर हरभरे सांडलेत. दुपारनंतर मात्र बाई ठणठणीत! आळसाचं हेच लक्षण आहे आक्का. खरं दुखणं घड्याळ बघून येत नाही.

मागच्या आठवड्यात वारणानगरला, डेअरीच्या प्रयोगशाळेत, दुधाच्या नमुन्यांचा ट्रे तिच्या हातातून सुटला. बारा बाटल्या फुटल्या, साहेब रागावले. मी म्हटलं, क्षीरसागर घुसळताना देवांचीही सांडलवंड झालीच असेल. एरवी हसली असती. संध्याकाळी अंग कणकणतं म्हणते. चोवीस वर्षांच्या पोरी दिवसभर मोबाईल घासतात, बोटं दुखणारच.

दाजींना नमस्कार. वर्षाराणीस आशीर्वाद. तुझ्या हातच्या कडक भाकरीच्या आठवणीवर रोज दोन घास जास्त जेवतो. कळावे. लोभ आहेच, या दमट हवेत त्याला बुरशी लागू देऊ नये, ही विनंती.

तुझा
अण्णासो

---

ॐ नमः शिवाय

गडहिंग्लज,
२० जुलै २०२४

चि. अण्णासो यास चन्नम्माचा आशीर्वाद. शरणु शरणार्थी.

अक्षर नेहमीसारखं वर्षाराणीचं हाय. शुद्ध करून लिहू काय म्हणत होती. मी म्हटलो, बोलतो तसंच लिही, त्याला शुद्ध खूप येतंय.

तुझं पत्र तिच्याकडनं दोनदा वाचून घेतलो. आता मी सांगतो ते पोरीला इचार. मला उत्तर देऊ नको, तिला इचार. सकाळी हात किती वेळानं सुटत्यात? अर्धा तास, का दोन तास? गरम पाण्यात हात घालून बसती काय? दोन्ही हातांची तीच ती बोटं दुखत्यात काय? बोटांची मुळं सुजल्यात काय, ऊन लागत्यात काय? आणि मूठ मिटाय सांग. मिटली म्हणजे नखं तळव्याला टेकली पायजेत, जवळ आली म्हणजे मिटली न्हवं.

आळशी माणूस झोपून ऱ्हातंय रे. पहाटे उठून नळ कोपरानं उघडत न्हाय.

माझं बी असंच सुरू झालतं. अंगठीपासनं. आता माझी बोटं वाऱ्यानं पडलेल्या उसागत सगळी एका अंगाला गेल्यात, ते तू बघतोस की. पण त्याच्या आधी काय हुतं ते तू बघितला न्हाईस. ते मी बघितलो. तुझ्या पत्रात तेच हाय, तू नुसती त्याला टोपी घातलायस.

कोल्हापुरात सांध्यांचे डॉक्टर हायत. हाडांचे न्हवं, सांध्यांचे. ह्याच आठवड्यात जा. ह्या दुखण्याला पहिले महिनेच औषध ऐकतंय, मग ते कुणाचं ऐकत न्हाय.

दाजी बरे हायत. माया हाय तशी ऱ्हाऊ दे, आणि मी सांगतो ते कर.

चन्नम्मा

ता. क. : मामा, सासूबाई 'मी म्हटलो, मी बघितलो' असंच बोलतात, म्हणून तसंच लिहिलं. तुमचं पत्र वाचताना मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत, आणि त्या दिवशी जेवल्याही नाहीत. – वर्षाराणी

---

॥ श्री ॥

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रस्त्यावर पाणी आल्यामुळे तुझी प्रश्नपत्रिका आठवडाभर उशिरा हाती आली. परीक्षार्थी बसवली, पर्यवेक्षक मी. निकाल कळवतो. गरम पाणी: होय, हात धुण्यासाठी म्हणते. दोन्ही हात: होय, कन्या निःपक्षपाती आहे, उजव्याला जे देते तेच डाव्याला. बोटांची मुळं: किंचित सुजलेली. मूठ: मिटली. म्हणजे जवळजवळ मिटली. नखं आणि तळवा यांच्यात पेन्सिल जाईल एवढं अंतर राहिलं, पण तिला काही तालमीत उतरायचं नाही. एवढ्या मुठीत चहाचा कप मावतो.

आता निदान ऐक. हा आमवात. जुन्या ग्रंथकारांनी त्याचं असं वर्णन करून ठेवलंय की वाचताना त्यांनी आपल्या सुष्मिताला पाहिलं होतं असं वाटावं: ताठरलेले सांधे, सूज, अंगात कसर, अन्नावर वासना नाही. उपायही तिथंच आहे. अनशापोटी एरंडेल, सुंठीच्या काढ्यातून. परवापासून सुरू केलं आहे. ती तोंड वाकडं करते, पण घेते. दिवाळीपर्यंत उतार पडेल.

सांध्यांच्या डॉक्टरांचं म्हणशील, तर आमचे शेजारी गुंडू पाटील सांगत होते की तिथं गेलं की जन्माच्या गोळ्या मागं लागतात, आणि त्या गोळ्या म्हणे कॅन्सरच्या रोग्यांना देतात. चोवीस वर्षांच्या पोरीला? माझं धाडस नाही. तुझी गोष्ट वेगळी होती. तुझं दुखणंच हट्टी होतं, मालकिणीसारखं.

उगाच काळजी करू नकोस. जेवत जा; उपास करून दुसऱ्याचे सांधे सुटत नाहीत. लोभ वाढवावा, चिंता घटवावी.

तुझा
अण्णासो

---

ॐ नमः शिवाय

गडहिंग्लज,
१२ ऑगस्ट २०२४

चि. अण्णासो यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर माझ्याकडं सव्वीस वर्सांपासनं हाय. तूच लिहिलेलं. माझ्या इरकलीच्या घडीत ठेवलतो. सोबत घातलंय.

हे मी कधी काढणार न्हवतो. माझ्यासाठी आज बी काढलो न्हाय.

वाच. वाचून पोरीला घेऊन जा. आणि मग ते मला परत पाठव, ते माझं हाय.

चन्नम्मा

---

(सोबतचं पत्र)

॥ श्री ॥

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. आक्कास,
अण्णासोचा शि. सा. न. वि. वि.

तुझी बोटं सकाळी आखडतात, मूठ मिटत नाही आणि भाकरी थापताना डोळ्यांत पाणी येतं, हे वाचलं. दाजी तुला मिरजेच्या डॉक्टरांकडे नेणार आणि त्यासाठी सोमवारी दारात जीप येणार, हेही वाचलं. जीप! दाजींना माझा नमस्कार सांग आणि विचार की बोटं आखडली तर जीप, मग पाय आखडले तर काय, आगगाडी?

आक्का, तुझा भाऊ आता संस्कृतात एम. ए. आहे, आणि तोही पहिल्या वर्गात, याचा दाजींना विसर पडलेला दिसतो. तुझ्या विकाराचं नाव आमवात. हजार वर्षांपूर्वी तो ओळखला गेला आहे, त्याच्यासाठी मिरजेचं तिकीट काढावं लागत नाही. अनशापोटी एरंडेल, सुंठीच्या काढ्यातून. सहा महिने. मिरजेच्या गोळ्या उष्ण. त्या दुखणं दाबतात, मुळाशी जात नाहीत. सहा महिन्यांत तुझे हात पूर्ववत झाले नाहीत, तर मी संस्कृत सोडून रंकाळ्यावर भेळेची गाडी लावीन, आणि पहिला पुडा तुला.

तेव्हा जीप दारातूनच परत पाठव. मी सांगतो म्हणून.

आई बरी आहे. हे पत्र तीच देवळाकडे जाताना पेटीत टाकणार आहे. तुझ्या हातची भाकरी खायला शिवरात्रीला येतो. लोभ असावा, दाजींच्या जिपेपेक्षा माझ्यावर अंमळ जास्त असावा.

तुझा
अण्णासो

---

कोल्हापूर,
२८ ऑगस्ट २०२४

ती. आक्का,

पाकीट शनिवारी आलं. उभ्यानं वाचलं, मग बसलो.

सुष्मिता कामावरून आल्यावर तिला म्हटलं, मूठ मिट. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मी हसत नाही असं पाहून खरं सांगितलं. एप्रिलपासून ती साडेचारला उठते. मोरीत पाटावर बसून गरम पाण्यात हात घालते, तेव्हा कुठं साडेसहाला पीठ मळता येतं. ते पाणी हात धुवायचं नव्हतं. मला का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं. तर म्हणाली, तुम्ही माझ्या आळसाची गोष्ट इतकी रंगवून सांगत होता, आई गेल्यापासून तुम्हाला एवढं हसताना मी बघितलं नव्हतं.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण आहेत. त्यांनी सुष्मिताच्या दोन्ही हातांच्या बोटांची मुळं नुसती हलकेच दाबली. ती ओरडली नाही, तिनं डोळे मिटले. कधीपासून, म्हणून त्यांनी विचारलं. पाच महिने. काय केलंत? मी म्हटलं, एरंडेल. त्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं. आक्का, सत्तावीस वर्षं मी मुलांना रागावतोय, पण न बोलता एवढं रागावता येतं हे मला माहीत नव्हतं.

रक्ताच्या दोन तपासण्या आल्या, दोन्ही वाईट. संधिवातच, तुझा तोच, ऱ्हुमॅटॉइड. फोटोत हाडं मात्र अजून शाबूत आहेत. बाई म्हणाल्या, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय, आणि हाड झिजायला लागायच्या आत त्याला आवरायचं असतं. आणखी सहा महिने काढा चालला असता, तर हेच वाक्य त्यांना मागं वळून म्हणावं लागलं असतं.

गुंडू पाटलांच्या गोळीचंही विचारलं. खरं आहे, ती कॅन्सरलाही देतात, पण तिथं डोस कितीतरी मोठा. इथं थोडी, आणि आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी. दर महिन्याला रक्त तपासायचं, यकृतासाठी. पहिले काही आठवडे एक छोटी गोळी सूज उतरवायला, कारण मोठीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पुढं लग्नाचं, मुलाबाळांचं ठरेल तेव्हा आधी येऊन सांग, औषध बदलावं लागेल, असंही त्यांनी तिला सांगितलं, माझ्यासमोर, स्पष्ट. लोक चुकून ती गोळी रोज घेतात आणि जिवावर बेततं, म्हणून वार नक्की करायला सांगितला. सुष्मितानं गुरुवार धरला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी खडूनं लिहिलंय: फक्त गुरुवारी. माझं एवढं बिनचूक लेखन दुसरं नाही.

भेळेची गाडी लावायची राहिली, आक्का. सव्वीस वर्षं राहिली. तू एकदाही मागितली नाहीस.

अण्णासो

---

ॐ नमः शिवाय

गडहिंग्लज,
४ सप्टेंबर २०२४

चि. अण्णासो यास अनेक आशीर्वाद.

गेलास, बरं झालं. वर्षाराणीनं वाचलं आणि मी गुडघं धरून उठलो, देवापुढं साखर ठेवलो.

गोळीनं शुक्रवारी पोरीला मळमळंल. लिंबू चोखाय सांग. दोन महिने काय फरक दिसणार न्हाय, तवा ती रडंल. तवा तिला गोष्टी सांगू नको. नुसतं शेजारी बस. आणि भाकरी तू थाप, तुला बी हात हायत.

मी बी तीच गोळी घेतलो, मिरजेच्याच डॉक्टरांची, पण दोन वर्सांनी. तुला सांगितलो न्हाय. दुखणं थांबलं माझं, खोटं कशाला बोलू. पण वाकडं झालेलं तिला सरळ करता येत न्हाय. तिच्यापुरतं तिनं केलं.

मूळ पत्र परत आलं न्हाय. पाठव.

माया ऱ्हाऊ दे.
चन्नम्मा

---

॥ श्री ॥

कोल्हापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी सुष्मिताचं. तू म्हणालीस तसंच झालं, अगदी वारासकट. दर शुक्रवारी मळमळ. सप्टेंबरअखेर एकदा यकृताचा आकडा वर गेला, बाईंनी डोस कमी केला, मग हळूहळू पुन्हा चढवला. त्या दिवशी ती बसमध्ये रडली. मी गोष्ट सांगितली नाही, शेजारी बसलो. भाकऱ्या मी थापतो. नकाशात दाखवता येतील अशा होतात, पण ती खाते. दिवाळीच्या आधी चार दिवस तिनं लोणच्याची बरणी उचलली आणि माझ्याकडे न बघता झाकण फिरवलं. उघडलं. माझी प्रतिष्ठा गेली. ती गेलेली बघायला मी इतका आतुर होतो हे मला तेव्हा कळलं. उजव्या हाताचं मधलं बोट अजून सुजलेलं आहे. बाई म्हणतात, कदाचित तेवढं राहील. त्या पाच महिन्यांचं.

आता तुझं. भाऊबीजेला मी दरवर्षी तुझ्याकडे येतो आणि दरवर्षी आठला उठतो. यंदा सुष्मितासाठी पाणी तापवायच्या सवयीनं साडेचारला जाग आली. देवघराचं दार अर्धं उघडं होतं. डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन तू पूजेला बसतेस, हे चित्र माझ्या डोळ्यांत लहानपणापासूनचं, मठातल्या आप्पांनी तुला दीक्षा दिली तेव्हापासूनचं. आक्का, तुझा तळवा उघडतच नव्हता. वर्षाराणीनं आपला हात तुझ्या हाताखाली धरला होता, दोन बोटांनी तुझी बोटं सरळ केली होती, आणि तू लिंगाकडे एकटक बघत होतीस. मी तसाच मागं फिरलो. नंतर तिला गाठून विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मी लग्न होऊन आल्यापासून, मामा. चौदा वर्षं. आणि तुम्ही यायचा तेव्हा तुम्ही उठायच्या आत उरकायचं, असा नियम होता.

मग भाकरीचंही विचारलं. चौदा वर्षं ज्या भाकरीला मी 'तुझ्या हातची' म्हणून पत्रांतून नावाजत आलोय, ती तिच्या हातची. आणि मला ओवाळताना तुम्ही दोघी मिळून ताम्हण धरता, ते मी लाड समजत होतो.

मी सहा महिने म्हणालो होतो. सहा महिन्यांनी मी तुला विचारलंसुद्धा नाही. कधी विचारलं ते आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवत.

ते पत्र मी परत पाठवणार नाही. तुझ्या घरात ते इतकी वर्षं राहिलं, तेवढं पुरे. या आठवड्यात बंबात घालीन. निदान पाणी तरी तापेल.

लोभ मागायला आज तोंड नाही.

अण्णासो

---

ॐ नमः शिवाय

गडहिंग्लज,
१५ नोव्हेंबर २०२४

अण्णासो,

बंबात घालू नको. घातला असशील तर मला सांगू नको.

मागची बाजू बघितलास काय तू? न्हाय बघितलास. तुला तुझंच अक्षर वाचायची सवय.

ते पत्र तू आईकडं पेटीत टाकाय दिलतास. आईनं वाटेत, देवळाच्या कट्ट्यावर बसून, मागं पेन्सिलनं कानडीत लिहिलंय. तिसरीपातूर शिकलेली बाई ती, अक्षर मुंग्यागत. काय लिहिलंय ते सांगतो. चन्ना, अण्णा पुस्तकातलं सांगतोय. तू त्याचं ऐकू नको. मिरजेला जा. मी सांगितलं म्हणून त्याला कळवू नको, पोराला वाईट वाटंल.

आता तू म्हणशील, मग गेली का न्हाईस. सोमवारी जीप आली. दाजी चपला घालून उभे होते. मी दारात दोन्ही बाजू वाचलो. एकीकडं तिसरी शिकलेली आई, एकीकडं आमच्या सात पिढ्यांत पहिला एम. ए. झालेला भाऊ. तुझ्या फीसाठी आईनं हातातलं सोन्याचं गोठ मोडलं होतं, मला म्हाईत हाय. मला वाटलं, ह्याचं ऐकलो न्हाय तर ह्यानं शिकून काय झालं? मीच ड्रायव्हरला चहा देऊन परत लावलो. दाजी आठ दिवस बोलले न्हाईत माझ्याशी.

तवा सगळी चूक तू एकटा घेऊन बसू नको. अर्धी माझी हाय. माझ्यातली तुला देणार न्हाय.

त्या साली तुझं लग्न ठरलतं, कायम नोकरीचं पत्र आलतं. हात बरे न्हाईत म्हणून कसं लिहू? मग दुसऱ्या साली कसं लिहू? मग राहूनच गेलं.

आईची तेवढीच एक ओळ माझ्याकडं हाय, तिच्या हातची. तुझी बाजू फाडशील तर तिची पण फाटंल. एकच कागद हाय रे तो.

परत पाठव.

चन्नम्मा

---

॥ श्री ॥

कोल्हापूर,
६ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बंबापर्यंत तीन दिवस गेलो आणि तीन दिवस परत आलो. गार पाण्यानं आंघोळ झाली, कागद वाचला.

उलटून बघितलं. पेन्सिल पुसट झालीय, घडीवर एक शब्द गेलाय, तो तुझ्या पत्रामुळे लागला. त्यानंतर आई माझ्या घरी अकरा वर्षं होती. रोज संध्याकाळी मी तिला काहीबाही वाचून दाखवायचो आणि ती मान डोलवायची. एकदाही म्हणाली नाही. पोराला वाईट वाटू नये म्हणून.

वाटलं, आई. उशिरा वाटलं, पण सगळं वाटलं.

पत्र टपालानं पाठवायची हिंमत नाही. सुष्मिता उद्याच्या एसटीनं घेऊन येते आहे, दोन दिवस राहील. तिची गुरुवारची गोळी झालेली आहे. तिला सकाळी लवकर उठवायला हरकत नाही. आता ती उठते आणि लगेच हालतेही.

तुझ्या लोभावर माझा हक्क उरलाय का, ते तू ठरव.

अण्णासो

---

गडहिंग्लज,
१० डिसेंबर

अण्णा,

हे मी लिहितो. माझ्या हातानं. वर्षाराणीला बाजारात लावलंय. सकाळपासनं एवढंच झालंय, अक्षराला हसू नको.

पत्र पोचलं. इरकलीत ठेवलो.

काल पहाटे पूजेला पोरगी आली. वर्षाराणीला म्हटली, वैनी, आज मी धरतो. माझ्या हाताखाली तिचा हात आला. मी आधी तिला मूठ मिटाय सांगितलो. मिटली. एक बोट मागं राहिलं, बाकीची टेकली. मग तिनं हात उघडला, सपाट. माझा उघडला न्हाय. तिच्या हातावर माझा ठेवला, त्यावर लिंग बसलं, हाललं न्हाय.

मी लिंगाकडं बघायचं सोडून खालच्या हाताकडंच बघत बसलो. देव समजून घेईल.

आई असती तर तिला दाखवलो असतो.

हात दमला. लोभ हाय. कधी गेलताच कुठं.

आक्का